अपेक्षित तारखेचा रकाना

मंगळवार, २४ जून

सगळं बदललं तो क्षण : आज सकाळी ११.४०. शिवानीच्या भावानं ऑफिसात येऊन तिच्या टेबलावरचा तिचा फोन उचलला आणि स्वतःच्या खिशात घातला. ओरडला नाही, काही नाही. आपलाच फोन विसरला होता असा उचलला. मग म्हणाला, "चल." ती उठली. डबा घेतला, ओढणी घेतली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी उठलो. खुर्ची मागं पडली. आमचे साहेब, देशकर सर, त्यांनी मागून माझा पट्टा धरला. खरोखर कमरेचा पट्टा. "बस बे खाली. ऑफिस आहे हे, आखाडा नाही."

भाऊ दारातून वळला. मला वरून खाली पाहिलं. दुकानात गिऱ्हाईक जी वस्तू हातातही घेत नाही, तिच्याकडे पाहतं तसं.

त्या फोनात वर्षभराचं सगळं आहे. परवाच ठरवलेलं पण. नोंदणी कार्यालयात लग्नाची नोटीस द्यायची, चार फोटो, दोघांचे आधार. तारीख तेवढी ठरायची होती.

यापुढे या वहीत ती नुसती शि. वही कोणाच्या हाती लागेल सांगता येत नाही.

बुधवार, २५ जून

शि.ची खुर्ची रिकामी. पाठीला लावायची तिची उशी तशीच.

रात्रीचं जेवण वाढताना आईनं परत तेच. "तू त्या मनीषनगरात करतो काय नेमकं?" चौथ्यांदा सांगितलं. लोक ट्रॅव्हल्सवाल्याला फोनवर कसंही लिहितात. 'उद्या दुपारून', 'पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी', 'सव्वासातच्या आसपास दोन गाड्या'. आमचा प्रोग्राम त्यातून तारीख न् वेळ काढते. गाडी त्या दिवशी उभी राहते. प्रोग्राम चुकते का, ते मी पाहतो. तीन रकाने : वाक्य, अपेक्षित तारीख, आलेली तारीख. अपेक्षित मी भरायची. जुळलं की हिरवं, नाही जुळलं की लाल.

आई : "म्हणजे बरोबर काय ते तूच ठरवतो?"

"हो."

"बाप्पा! इंजिनिअरिंगच्या सरले माफी मागितली असती तर आज हे दिवस..."

ताट सरकवून उठलो. तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं, दोन वर्षं झाली. तरी दर जेवणात ती माफी वाढून असते.

दे. सर दुपारी : "शि.चे हिंदी वाक्यं राहिले ना, तेही तूच भर. हिंदी येते तुले. तारखा त्याच आहेत."

शनिवार, २८ जून

जरीपटक्याला गेलो. आमच्या इंदोऱ्यातून दहा मिनिटं. तिच्या गल्लीच्या तोंडाशी भाऊ, सोबत दोघं, गाडीवर बसून कणसं खात.

"नाम?"

"स्वप्निल."

"पूरा."

सांगितलं. गजभिये. त्यानं कणसावरून नजर न उचलता बाकीच्यांना विचारलं, "सुना?" मग मला, "इंदोरा में लड़कियाँ खतम हो गईं क्या?"

पहिला हात मी उचलला. पुढचे सगळे त्यांचे.

घरी आई : "काहून रे, कोनं मारलं?"

"गाडीवरून पडलो."

"गाडीले तर ओरखडा नाही."

ओठाला बर्फ लावून झोपलो. शि.ची खिडकी वरच्या मजल्यावर आहे. पडदा हलला नाही. घरात नसेल. किंवा असेल.

गुरुवार, ३ जुलै

रश्मीताईंनी चहाच्या वेळी एक घडी केलेला कागद दिला, चार पिना मारलेला. ताई हिशेबाचं पाहतात, राहतात शि.च्या मागच्याच गल्लीत. "शिंप्याकडे भेटली. भावजय संग होती. ब्लाउजच्या मापात हे सरकवलं. मी वाचलं नाही, वाचनार पन नाही. मले दोन पोरी आहेत, गा."

जिन्यात जाऊन पिना काढल्या. पूजेच्या सामानाची यादी :

'सावन का पहला सोमवार, सुबह नौ बजे, महादेव मंदिर. बेलपत्र. दूध. धतूरा. चार फोटो. जबलपुर वाले उसी शाम आ रहे हैं.'

घरी कोणी पाहिलं असतं तरी पूजेचीच यादी वाटली असती. चार फोटो, तेही देवाचे वाटले असते. पोरगी हुशार आहे. माझ्याहून शंभरपट.

म्हणजे असं : सकाळी नऊला मी तिथं उभा असलो तर नोटीस, थेट. नसलो तर संध्याकाळी जबलपूरच्या स्थळाला तिचा हो.

 चहा सांडला, शर्टावर.

शुक्रवार, ४ जुलै

ऑफिसच्या भिंतीवरचं कॅलेंडर. श्रावण लागतो २५ जुलैला, शुक्रवारी. पहिला सोमवार २८ जुलै. चोवीस दिवस.

आमच्या घरी श्रावण नसतो, बौद्धांचा वर्षावास असतो, म्हणून दोनदा पाहिलं. चूक नको. २८ ला लाल पेनानं ठिपका दिला.

तिच्या हिंदी वाक्यांतही तेच आलं, गंमत. 'सावन के पहले सोमवार को सुबह पाँच बजे दो बस चाहिए.' अपेक्षित : २८ जुलै. आलेली : २८ जुलै. हिरवं. आज पहिल्यांदा हिरवं पाहून बरं वाटलं. प्रोग्रामसुद्धा माझ्या बाजूनं आहे.

बुधवार, ९ जुलै

फोटो काढले. फोटोवाला : "पासपोर्ट का?" म्हटलं, "लग्न." तो हसला, मी नाही.

खऱ्या लोकांचे संदेश तपासायला आले. एक : 'बाबा काल गेले. तेराव्याला एक गाडी पाहिजे, पन्नास माणसं.' प्रोग्रामनं काढली १३ जुलै. खरं तर २० पाहिजे. लाल दिलं. बाप मेला त्याचा आणि आठवडाभर आधी गाडी दारात. मला हसू आलं, थांबेना. रश्मीताईंनी वळून पाहिलं.

"काय झालं एवढं?"

वाचून दाखवलं.

"यात हसण्यासारखं काय आहे, गा?"

"तुम्हाला नाही कळणार, ताई. कामाचा विनोद आहे."

त्या पाठ वळवून आकडे टाकत बसल्या. एकोणीस दिवस राहिले, मला सगळंच विनोदी वाटतंय.

गुरुवार, १० जुलै

आषाढी पौर्णिमा. आई पांढरी साडी नेसून विहारात. मीही गेलो, खूप दिवसांनी. बाया म्हणाल्या, "सुधरला वं तुमचा पोरगा." आई खूश. मी मनात दिवस मोजत होतो. अठरा.

सोमवार, १४ जुलै, सकाळ

ऑफिसला वाट वाकडी करून निघालो. जरीपटक्याच्या रस्त्यावर सकाळी सातपासून बायांची गर्दी, पाण्याचे लोटे, भगव्या पताका, गाड्या अडलेल्या. अर्धा तास अडकलो. एका म्हाताऱ्या बाईला म्हणालो, "मावशी, रस्ता काय तुमच्या घरचा आहे?" तिनं लोटा या हातातून त्या हातात घेतला, सरकली नाही.

ऑफिसात ताईंचा डबा साबुदाण्याचा. म्हटलं, "आज काय, वजन उतरवून राहिल्या काय?"

"सोमवार आहे."

"सोमवार तर दर आठवड्यात येते."

त्यांनी चमचा ठेवला न् तोंड खिडकीकडे वळवलं.

सोमवार, १४ जुलै, नंतर

किती वाजता लिहितोय माहीत नाही. क्रमानं लिहितो.

बारा वाजता दे. सर फोन कानाला लावून बाहेर आले. चेहरा वांग्यासारखा. कोणत्या तरी महिला मंडळानं अंभोऱ्याच्या महादेवाला जायला दोन बस सांगितल्या होत्या. पहाटे पाचपासून सत्तर बाया नटूनथटून रस्त्यावर उभ्या. बस नाही. ट्रॅव्हल्सवाल्यानं पाहिलं तर बुकिंग २८ चं.

सर : "कोनं तपासलं हे वाक्य?"

मी : "मी. बरोबर आहे. सावनाचा पहिला सोमवार २८ लाच आहे."

"आज आहे, गाढवा! आज!"

कॅलेंडर दाखवलं. बोट ठेवून दाखवलं. सर नुसते हात हलवत होते. मग रश्मीताई तिथूनच म्हणाल्या, शांतपणे, तोंडात साबुदाणा :

"ते मराठी कॅलेंडर आहे, स्वप्निल. हिंदीवाल्यांचा महिना पौर्णिमेले संपते, आपला अमावस्येले. त्यांचा सावन पंधरा दिवस आधी लागते. गुरुवारी पौर्णिमा झाली ना, तवाच लागला. माझं माहेर मराठी, सासर हिंदी. मी दोन्हीकडचे सोमवार करतो, म्हणून माहीत."

नऊ. महादेव मंदिर. चार फोटो.

मी काय बोललो आठवत नाही. गाडी आठवते. मनीषनगर ते जरीपटका, एकही सिग्नल आठवत नाही. पावणेएकला पोचलो. फोटो पाकिटात, आधार खिशात, जणू काही उपयोग होता.

मंदिरापाशी एक फुलवाली. विचारलं.

"पिवळ्या ओढणीवाली? होती ना गा. नऊच्या आधीपासून बसली होती पायरीवर. बेल घेतला, वाहिलाच नाही, हातातच सुकवला. दोनदा मले विचारे, मावशी, घड्याळ बरोबर आहे ना. आत्ता गेली. पंधरा मिनिटं झाले असन." मग माझ्याकडे पाहून, "तूच होय तो?"

 पायरीवर बेलाची पानं पडली होती, ती उचलली. कशाला उचलली.

संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो. दारात एमपी २० ची, जबलपूरची, पांढरी गाडी. मिठाईचे डबे उतरवत होते. भाऊ हसत होता, मोकळं, चांगलं हसत होता. पहिल्यांदा वाटलं, हाही कोणाचा तरी चांगला भाऊ आहे.

पंचवीस पावलं होती फारतर. गेलो नाही. लोकांना दारू पिऊन, शिव्या घालून जाता येतं. मी नुसता उभा राहिलो.

मंगळवार, १५ जुलै

रश्मीताईंवर सगळं काढलं. सगळ्यांसमोर. "तुम्हाला माहीत होतं. तुम्ही आधी बोलल्या असत्या तर..."

"मले काय माहीत त्या कागदात काय होतं? तूच सांगितलं नाही."

"तुमच्या पोरींना कोणी असंच पायरीवर बसवून ठेवेल, तेव्हा कळेल."

 ताईंनी पदर तोंडाला लावला. म्हणायला नको होतं. म्हटलं.

सर बोलावून : "त्या पोरीचं काय असन ते असो. मंडळाच्या बायांनी ट्रॅव्हल्सवाल्याच्या काउंटरवर लोटे आपटले. आता सगळे सणवार परत तपास. एकन् एक."

तपासतो आहे. 'सावन' असलेली चाळीस वाक्यं. चाळीसही माझ्या हातानं भरलेली. चाळीसही हिरवी.

शि. असती तर पहिल्याच ओळीला म्हणाली असती, ए पागल, हे चुकलं. तिला उठवलं म्हणून तिची वाक्यं माझ्याकडे आली, म्हणून चुकली. हे कोणाला समजावून सांगू? सांगून तरी काय.

सोमवार, २१ जुलै

तिचा दुसरा सोमवार. आठपासून मंदिराबाहेर. साडेनऊला आली, भावजय सोबत. भावजय पाणी वाहायच्या रांगेत लागली, पुढं तीसेक बाया. शि. चपलांपाशी थांबली. मी खांबाच्या पलीकडे. तेवढाच वेळ.

बोटात पसंतीची अंगठी. मी अंगठीकडे पाहतोय हे तिनं पाहिलं. हात लपवला नाही.

मी सगळं धडाधड सांगितलं. कॅलेंडर, पंधरा दिवस, पौर्णिमा, अमावस्या. ती ऐकत होती, बँकेत क्लार्क ऐकतात तसं.

"साडेतीन तास," ती म्हणाली. "भाभीला सांगितलं, रुद्र ऐकते बसून. साडेतीन तास तेच ऐकलं. पाठ झालं."

"तू तारीख काहून नाही लिहिली? नुसतं चौदा लिहिलं असतं..."

"कागद घरात फिरला असता तर? चौदा लिहिलं असतं तर बाबांनी विचारलं असतं, चौदाला काय आहे. सावन का सोमवार लिहिला तर कोणी विचारत नाही. हमारे यहाँ सबको पता है." मग थांबून, "तुझं कामच ते आहे ना रे? दिवसभर बसून तारखा बरोबर का चूक सांगायच्या?"

मी नखानं खांबाचा रंग खरवडत राहिलो.

"मागच्या सावनात मी तुझ्या बाजूला बसत होते. चार सोमवार मी डबा आणला नाही. तू माझ्यासमोर अंडाकरी खाल्ली. विचारलं पण नाही, क्यों नहीं खा रही. पाचव्या सोमवारी म्हणाला, बारीक झालीस, छान दिसतेस." हे ती हसून बोलली. ते हसू मला मारहाणीपेक्षा जास्त लागलं.

"जबलपूरवाला?"

"ठीक आहे. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, आपका व्रत है क्या, तो चाय मँगवाऊँ. एवढंच. एवढंच पाहिजे असते."

भावजय पुढं सरकली होती. दहा बाया राहिल्या.

"मी आता काय करू?" विचारलं. लाज वाटते लिहायला, आवाज फाटला होता.

"मंदिरात नको येऊ. घरी ये. बाबांच्या समोर उभा राहा, नाव सांग, पूरा. आणि म्हण, ही माझी. मग मी सगळ्यांसमोर हो म्हणीन, मार पडला तरी. नाही आला तर मी राखीनंतर मंगनीला, तुमच्या भाषेत साखरपुड्याला, बसते आणि तुझं नाव पण आठवत नाही. शेवटच्या सोमवारपर्यंत. चार ऑगस्ट." मग परत, हळू, शाळेतल्या पोराला सांगतात तसं, "चार. आठ. अंकात सांगते, तुला कळेल असं."

गेली. तिनं एकदाही माझा ओठ पाहिला नाही, अजून काळा आहे तो.

बुधवार, २३ जुलै

दे. सरांना उपाय सापडला. खूश होते, समोसे मागवले.

"आडनाव! बुकिंग करताना आडनाव येतेच ना. तिवारी, दुबे, यादव : हिंदी सावन. देशमुख, राऊत, भोयर : मराठी श्रावण. आडनावावरून प्रोग्राम ठरवन, कोनाचा महिना कवा लागते. एक यादी बनव. तीनशे आडनावं."

मी म्हटलं, "विचारू या ना लोकांना. एक प्रश्न. तुमच्या घरी श्रावण कधी लागतो."

"गिऱ्हाईकाले प्रश्न विचारला की ते पळते. आडनाव बस्स झालं. आडनावावरून सगळं कळते माणसाचं."

समोसा तसाच ठेवला. सर म्हणाले, "का बे, उपास आहे?" सगळे हसले. रश्मीताई नाही हसल्या. त्या पंधरा तारखेपासून माझ्याशी बोलत नाहीत.

शुक्रवार, २५ जुलै

मराठी श्रावण लागला. यादी करतोय. डावीकडे आडनाव, उजवीकडे हिं. किंवा म.

दुबे : हिं. तिचं आडनाव मी आयुष्यात इतक्या वेळा मनात लिहिलं, आज पहिल्यांदा कामासाठी लिहिलं.

खोब्रागडे, मेश्राम, रामटेके, वासनिक. इथं अडलो. सरांना विचारलं, "हे कुठं टाकू? यांच्या घरी दोन्ही नाही."

"टाक मराठीत. ते कोन बसतात सावनात बस मागायले."

"मी बसणार होतो."

"काय?"

"काही नाही."

म. टाकलं नाही. रिकामं सोडलं. माझं आडनाव यादीत अजून घेतलंच नाही.

सोमवार, २८ जुलै

लाल ठिपका. माझा पहिला सोमवार. आजच जायचं ठरवलं होतं तिच्या घरी. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट.

गल्लीत वळलो. भाऊ पाइप घेऊन अंगणात गाडी धूत होता. त्यानं मला पाहिलं. पाइप माझ्याकडे वळवला, नुसता वळवला. पाणी बुटांपर्यंत आलं. मी गाडी फिरवली.

तोंडात शिव्या होत्या, हातात काही नाही. कॉलेजात सरांसमोर टेबलावर हात आपटून बाहेर पडलो तेव्हा सगळे म्हणाले, डेअरिंग आहे पोरात. पळायला डेअरिंग लागत नाही, हे तेव्हा कोणी सांगितलं नाही. दोन्ही वेळा मी बाहेरच पडलो आहे.

ओल्या बुटांनी ऑफिस. दुपारी नवीन पोरीनं, हिंदीच्या जागेवर आलेल्या, एक वाक्य विचारलं. "एवढं पण येत नाही तर घरी बसून भाकऱ्या भाज," म्हणालो. ती रडली. मला बरं वाटलं, एक मिनिट.

रविवार, ३ ऑगस्ट

आईला सांगितलं. सगळं. ती निवडत होती, तांदूळ. हात थांबला नाही.

"उद्या तर मंग?"

"हो."

"ते तुले दारात तरी उभं करतीन काय?"

"नाही करणार."

"मारतीन?"

"मारतील."

तिनं एक खडा बाजूला टाकला. मग म्हणाली, "तुझे बाबा असते तर म्हनले असते नको जाऊ. मी नाही म्हनत. पन एक ध्यानात ठेव, तू तिथं राग घेऊन जाशीन ना, तर त्याईले सोपं जाईन. पोरगा असाच आहे म्हनतीन, दार लावतीन."

"मग काय घेऊन जाऊ?"

"नाव सांग आपलं. नीट सांग. लाजल्यासारखं नको सांगू न् भांडल्यासारखं पन नको." मग थोड्या वेळानं, "मी येऊ काय संग?"

"नको."

"काहून? माय येते पोरासाठी, त्यात काय."

"तुला काही बोलले तर मी राग घेऊनच जाईन."

यावर ती हसली. पंधरवड्यानं घरात कोणी हसलं. मग म्हणाली, "माफी मागायची वेळ आली तं मागून टाक. तुझ्या सरची नाही मागितली, तिची तरी माग."

तिची मागितलीच नव्हती. मंदिरात मी फक्त कॅलेंडर समजावून सांगितलं होतं.

सोमवार, ४ ऑगस्ट

ऑफिस, सकाळी ८.५०. रात्रभर झोप नाही, म्हणून लवकर आलो. अकराला ट्रॅव्हल्सचा मालक येणार, यादी दहापर्यंत पाहिजे.

तीनशेपैकी दोनशे नव्व्याण्णव लिहून झाली, ती चार अजून रिकामीच. शेवटची ओळ माझ्या आडनावाची. लिहिलं : गजभिये. उजवीकडे बराच वेळ काही नाही. मग लिहिलं : विचारा. मग वर जाऊन तिवारीपुढे लिहिलं : विचारा. देशमुखपुढे : विचारा. दुबेपुढे : विचारा. मग एकदम सगळा रकाना निवडला आणि तेच खाली ओढलं. तीनशे वेळा. जपून ठेवलं आणि सरांना पाठवलं.

९.०५. सर आत बसून उघडत होते. "अबे, हे काय पाठवलं तू? स्वप्निल! हे काय करून ठेवलं?"

पिशवी घेतली. फोटो त्यातच आहेत, तेच चार. दाराजवळ रश्मीताईंचं टेबल. थांबलो. म्हटलं, "ताई, त्या दिवशी पोरींवरून बोललो ते..."

त्यांनी मान वर केली नाही. आकडे टाकत होत्या. "पोरींचं राहू दे," म्हणाल्या. मग पेन थांबलं. "तिचा भाऊ दहाले दुकान उघडाले निघते. दहानंतर गेला तर घरी फक्त बाप राहीन न् बाया. सोपं पडन तुले."

घड्याळ ९.१२. इथून पाऊण तास. मुद्दाम हळू गेलो तर भाऊ निघालेला असेल.

"नाही ताई. तो असतानाच जातो."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. वीस दिवसांनी. "शाहाना झाला का मूर्ख झाला, सांगता येत नाही मले."

आतून सर : "कुठं चालला बे?"

"जरीपटक्याले."

"परत कवा येशीन? मालक येऊन राहिला अकराले! वेळ सांगून जा!"

हे जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा राहून लिहितोय, घाईत, अक्षर वाईट. सर आतून वेळ विचारतच होते. मी बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.